फोनमधला जयभीम आणि मनाचं आरोग्य



आरोग्याच्या पानावर मोबाईलचा विषय निघाला की डोळे, मान आणि झोप यांच्यावर लिहिलं जातं. ते लिहायलाच पाहिजे. पण त्याच फोनमुळं आपल्या लेकरांच्या मनाला बळ कुठं मिळतं आणि घोर कुठं लागतो, हे आपल्या घरांत बोललं जात नाही. "सारखं फोनमध्ये तोंड घालून बसतंय," एवढं म्हणून आपण मोकळे होतो. ते कोणाशी बोलतंय, कशासाठी बोलतंय, हे विचारत नाही. यावेळी त्याच्याबद्दलच बोलू.

वसमतच्या वस्त्यांतून दरसाल पोरंपोरी बाहेर पडतात. कोणी नांदेडला शिकायला जातं, कोणी पुण्याकडं चाकण-रांजणगावच्या कंपनीत, कोणी हैदराबादला. इथं वस्तीत निळा झेंडा आहे, विहार आहे, सकाळी भेटणारं पहिलं माणूस जयभीम म्हणतं. तिथं खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "आडनाव काय?" तिथून लपवालपवी सुरू होते. बाबासाहेबांचा फोटो बॅगेतच राहतो, स्टेटसला काही ठेवायचं तर दहादा विचार होतो.

लपून राहण्याचं दुखणं

बाबासाहेबांनीही हे भोगलं आहे. १९१७ साली परदेशातून शिकून ते बडोदा संस्थानात नोकरीला आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. त्या सुनसान इमारतीत बोलायला कोणी नव्हतं. तो एकटेपणा त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. एवढा शिकलेला माणूस, पण नाव लपवल्याशिवाय त्याला एक खोली मिळाली नाही.

शंभर वर्षं झाली तरी ही भीती उगाच नाही. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका तरुणाचा जीव घेतला गेला. कारण काय, तर मोबाईलची रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती. तो नर्सिंगचा विद्यार्थी होता, लग्नासाठी तिथं आला होता. ती बातमी वाचून किती आयांनी आपल्या पोरांना रिंगटोन बदलायला सांगितली असेल.

आता यात आरोग्याचा संबंध काय? माणूस सारखं सावध राहिलं, की शरीरही सावधच राहतं. आपण कोण आहोत हे कळेल का, कोणी काही बोलेल का, असा धसका महिनोन्‌महिने राहिला तर ताणाची संप्रेरकं रक्तात वाढलेली राहतात. मग झोप लागत नाही, छातीत धडधडतं, डोकं दुखतं, पोटात जळजळ होते, अन्न गोड लागत नाही. रक्तदाब वाढायलाही असा ताण हातभार लावतो. परिचारिका म्हणून काम करताना मी अशी तरुण मुलं पुष्कळ पाहिली. रक्त तपासलं, ईसीजी काढला, सगळं नीट. गोळ्या घेऊन गेली, आठ दिवसांनी परत आली. "तिथं तुझं कोण आहे?" असं विचारलं की मान खाली जायची.

तेव्हा 'आपलं माणूस असणं' ही चैनीची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही एकटेपणाला आरोग्याचा प्रश्न मानून २०२३ साली त्यासाठी खास आयोग नेमला.

आपली जाळी जुनीच आहेत

दूरच्या आपल्या माणसाला बांधून ठेवायचं काम आपल्या चळवळीनं मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी केलं. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढलं. पुढं १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९३० ला 'जनता' आणि १९५६ ला 'प्रबुद्ध भारत'. वाचता येणारा एक जण वाचायचा आणि सगळी वस्ती ऐकायची. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादांची गाणी गावोगाव फिरली. एकमेकांना जयभीम म्हणायची रीत रुजवण्यात कामठीच्या बाबू हरदासांचा मोठा वाटा. चार अक्षरी शब्द, पण परक्या गावात कानावर पडला की माणूस सैल होतं.

आपल्या मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना १९७८ आठवतं. २७ जुलैला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडाभर आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले. एका गावची हकिकत दुसऱ्या गावाला कळायला एसटीनं येणाऱ्या पाहुण्याची वाट बघावी लागायची. आपण एकटे पडलो, असं एकेका वस्तीला वाटलं. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, सोळा वर्षांच्या लढ्यानंतर.

आजच्या पोरांना तशी वाट बघावी लागत नाही. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याचं शेवटचं पत्र फोनवरून देशभर वाचलं गेलं. ज्यांनी वसतिगृहात तसंच काही सोसलं होतं, ती मुलं पहिल्यांदा एकमेकांशी बोलली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ च्या एप्रिलमध्ये, काही दलित स्त्रियांनी इंटरनेटवर 'दलित हिस्ट्री मंथ' सुरू केला होता. अमेरिकेत कार्टर वुडसन या काळ्या इतिहासकारानं १९२६ साली आपल्या लोकांच्या इतिहासाचा आठवडा सुरू केला, त्याचा पुढं महिना झाला, तिथून ही कल्पना आली. आपल्या वीरांची, कवींची, आयाबायांची ओळख रोज एक अशी पोरं एकमेकांना सांगतात. 'राउंड टेबल इंडिया', 'दलित कॅमेरा' अशा ठिकाणी आपली माणसं आपल्या तोंडानं बोलतात. दिव्या कंदुकुरी यांनी सुरू केलेला 'द ब्लू डॉन' हा गट तर बहुजन तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठीच आहे, कारण जातीचा जाच समजून घेणारा समुपदेशक सहज मिळत नाही.

२०२० ला टाळेबंदीत जयंतीची मिरवणूक निघाली नाही. घराघरांत मेणबत्त्या लागल्या आणि त्यांचे फोटो फोनवर फिरले. दूरच्या शहरात एकट्या अडकलेल्या पोरालाही त्या दिवशी जयंती मिळाली.

गट कसा पारखावा

म्हणून सगळे गट चांगले, असं नाही. ते पारखायचं माप आपल्या घरातच आहे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल नावाच्या तरुणाला चार खोटे आणि चार खरे मित्र सांगितले. तेच माप फोनवरच्या गटाला लावा.

आधी खोटे चार.

पहिला, नुसतं घेणारा. विहाराच्या नावानं वर्गणी, शिष्यवृत्तीच्या फॉर्मचे पैसे, मग ओटीपी. पैसे मागणारा माणूस तुम्ही समोर पाहिलेला नसेल तर एक रुपया पाठवू नका.

दुसरा, नुसतं बोलणारा. सकाळ-संध्याकाळ जयभीमची शंभर चित्रं येतात, पण कोणाला रक्त पाहिजे म्हटलं की गट गप्प.

तिसरा, तोंडपुजा. चुकीच्या गोष्टीलाही वा वा करतो. आरोग्यात हा सगळ्यात घातक. साखरेची गोळी बंद करून अमुक काढा घ्या, असं कोणी टाकतं आणि पन्नास जण अंगठा दाखवतात. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही. खात्री नसलेली गोष्ट पुढं ढकलणं हाही पंचशीलातल्या चौथ्या शीलाचा भंगच आहे.

चौथा, नाशाला सोबत करणारा. सुत्तात दारू, अवेळी भटकणं आणि जुगार सांगितला आहे. आजचा ऑनलाइन रमीचा गट, रात्री दोनपर्यंत शिवीगाळीचं भांडण खेळवणारा गट, हे त्यातलेच.

आता खरे चार. मदतीला धावणारा, सुखदुःखात सारखा राहणारा, हिताचं सांगणारा आणि कळवळा असणारा. सुखदुःखात सारखा राहणारा मित्र आपलं गुपित राखतो, असं सुत्तात आहे. ज्या गटातलं बोलणं स्क्रीनशॉट होऊन बाहेर जातं, तिथं मनातलं बोलू नये. आणि कळवळा असणारा मित्र आपली निंदा करणाऱ्याला अडवतो. तुमच्या मुलीला कोणी घाण बोललं तेव्हा गटातले किती जण मध्ये पडले, एवढ्यावरून गट कळतो.

बायांच्या हातात फोन

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या दर १०० बायांपैकी फक्त ३३ जणींनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांत हा आकडा ५७ होता. आपल्या वस्त्यांतही फोन आधी दादाच्या हातात जातो, ताईला उरलेली पाच मिनिटं. पाळी, अंगावरून जाणं, बाळंतपणानंतरचं रडू, सासरचा जाच, हे ती कोणाला विचारणार? मुलीच्या हातात फोन द्या, आणि फोटो कोणाला पाठवायचा नाही, पासवर्ड कोणाला सांगायचा नाही, हे तिला शिकवा. फोन काढून घेणं हे शिकवणं नव्हे.

आणखी एक गोष्ट सांगते. आपल्याच वस्तीतली काही लेकरं आपल्यापासूनच लपतात. कोणी समलिंगी असतं, कोणी तृतीयपंथी. त्यांना बाहेर जात लपवावी लागते आणि घरात मन. फोनवर आपल्यासारखं कोणी भेटलं की त्यांना जगायला बळ येतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रौढांचे संमतीनं असलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. वैद्यकशास्त्र त्याला आजारही मानत नाही. लेकरानं घरी सांगितलं तर मारू नका, हाकलू नका, बाबा-बुवाकडं नेऊ नका. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं, त्यांनी आपल्या पोटच्या पोराला घराबाहेर ठेवू नये.

शिवीगाळ झाली तर

आपली ओळख उघड केली की शिव्या येतात, हेही खरं. आधी मन सांभाळा. रात्री एकट्यानं उत्तरं देत बसू नका, विश्वासातल्या माणसाला दाखवा.

मग पुरावा सांभाळा. मजकूर, लिहिणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. रागाच्या भरात काही पुसू नका, उलट शिवी देऊ नका. जातीवरून फोनवर केलेल्या अपमानालाही १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू शकतो. केरळ उच्च न्यायालयानं २०२२ साली एका व्हिडिओच्या प्रकरणात तसंच म्हटलं. ठाण्यात दोघंतिघं मिळून जा. तक्रार घेतली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अत्याचाराविरुद्धचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४५६६ आहे.

फोन पुरत नाही तेव्हा

गटामुळं धीर येतो, पण गट म्हणजे उपचार नव्हे. दोन आठवड्यांच्या वर झोप उडाली, जेवण तुटलं, कशातच मन लागेना, "माझं काही खरं नाही" असं लेकरू बोलू लागलं, तर थांबू नका. त्याला एकटं सोडू नका, ऐकून घ्या, उपदेश करू नका. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय विचारा. गोळ्या सुरू झाल्या तर मध्येच बंद करू नका. मनाचा दवाखाना म्हणजे वेड्याचा दवाखाना, हे बोलणं आपल्या वस्तीतून हद्दपार झालं पाहिजे.

झोपायच्या आधी तासभर फोन लांब ठेवावा, हे सगळ्यांनाच लागू आहे.

भंते आनंद एकदा तथागतांना म्हणाले की चांगली मैत्री हा श्रेष्ठ जीवनाचा अर्धा भाग आहे. तथागतांनी त्यांना थांबवलं आणि म्हणाले, अर्धा नव्हे, सगळंच. फोनवर भेटलेला कल्याणमित्रही कल्याणमित्रच. फक्त त्याला फोनमध्येच ठेवू नका. येत्या पौर्णिमेला विहारात बोलवा, जयंतीला घरी जेवायला बोलवा. आणि वस्तीतून बाहेर गेलेल्या प्रत्येक पोरापोरीला आठवड्यातून एकदा तरी घरून फोन जाऊ द्या. "पगार झाला का?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "तिथं तुला जयभीम म्हणणारं कोणी आहे का?"

नमो बुद्धाय, जयभीम.