ढोरांमागे एक दिवस

माझी भाची इंग्लंडला असते. मागे तिनं एक फोटो पाठवला होता. हिरव्यागार शेतातली पायवाट, तिच्या हातात दोरी आणि दोरीला लांब मानेचं, मेंढीसारखं केसाळ जनावर! त्याला अल्पाका म्हणतात म्हणे. मूळचं पेरू देशाकडच्या डोंगरांतलं, उंटाच्या कुळातलं. लोकरीसाठी पाळतात. एकटं ठेवलं तर झुरतं, कळपातच रमतं. तिकडचे काही शेतकरी हे अल्पाका सोबत देऊन लोकांना रानातून फिरवून आणतात आणि त्याचे पैसे घेतात.

"जनावरासोबत चालायला पैसे दिलेस?" मी हसले. पण मग विचारात पडले. आपल्याकडे तर ही शिवीच! "शिकला नाहीस तर ढोरं राखशील," हे वाक्य कुठल्या आईनं म्हटलं नसेल? मीही माझ्या लेकाला म्हटलंय.

म्हणून गेल्या दिवाळीत साकोलीकडच्या माहेरी गेले, तेव्हा भाऊबीज झाल्यावर सकाळीच आखरावर जाऊन उभी राहिले. गावची गुरं तिथं गोळा होतात आणि गायकी त्यांना चरायला नेतो. आमचा गायकी चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होता.

"भाऊ, मी येऊ का आज तुमच्यासंग?"

"बाई, तुमाले चालनं होईन का?" तो हसला. "या. पन ढोरांच्या मधात येऊ नका."

चाळीसेक जनावरं निघाली. एका बाजूला भारी धान अजून उभा, दुसरीकडे कापलेल्या बांधीत लाखोळी हिरवी झालेली. मधून हातभर रुंदीचा धुरा. एक तोंड इकडे-तिकडे वळलं की भांडण घरापर्यंत! पण काठी एकदाही कुणाच्या पाठीवर पडली नाही. नुसती हाळी, नाहीतर जिभेचा टकटक आवाज. माझ्याच साडीला चिखल लागला, धानाला मात्र तोंड लागलं नाही.

चालता चालता तो सांगत होता. ही मागच्या पायानं लंगडते, खुरात काही तरी रुतलं असेल. ही तांबडी दोन-तीन दिवसांत विणार, वहिनीला सांगा, उद्यापासून कोठ्यातच ठेवा. ती आमचीच गाय होती, आणि आमच्या घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं!

दुपारी बोडीवर पाणी पिऊन गुरं रवंथ करत बसली. मोहाखाली शिदोरी सोडली. तेव्हा तोच म्हणाला, "गुरुजी मले रोज म्हनत, ढोरं राखशीन. राखली. पन कोनाची गाय हरवू देली नाई." मला घास गिळवेना. त्या वर्गात तेव्हा आम्ही सगळे खदखदून हसत होतो, मीसुद्धा.

गोवारी समाजाचं नाव शहरांनी ऐकलं ते २३ नोव्हेंबर १९९४ ला, नागपूरच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा जीव गेला तेव्हा. एरवी हा समाज आपल्याला दिसतो पाडव्याच्या गायगोधनाला. मोहाडी तालुक्यातल्या जांभोऱ्याला तर माणूस जमिनीवर पालथा झोपतो आणि त्याच्या अंगावरून गाई नेतात. ती श्रद्धा बघायला गर्दी होते. वर्षाच्या बाकी दिवसांत त्याच गाईंमागे कोण चालतं, हे कोण बघतं?

गायकीची मजुरी अजून धानातच, जनावरामागे ठरलेली. पण ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले. चराईची जागा आटली, जंगलात बंधनं आली, बिबट्याची भीती वेगळीच. त्याचा मुलगा नागपूरला कामाला गेलाय. त्याच्यानंतर काठी कोण धरणार, ठाऊक नाही.

दिवस कलताना परतलो. प्रत्येक गाय आपापल्या दारी वळली. मी त्याच्यापुढे पैसे धरले, तर म्हणाला, "कायचे पैसे? दिवसभर राखन तर तुमी केली!" मग वहिनीनं सूपभर धान दिलं, ते मात्र त्यानं घेतलं. ते त्याच्या कामाचं होतं.

तिसऱ्या दिवशी तांबडीला कालवड झाली.

मैत्रिणींनो, ते 'ढोरं राखशील'चं वाक्य मी आता बोलत नाही. तुमच्या ओठांवर आलं, तर तुम्हीही गिळून टाका.