शमामा की ऊद : चंद्रपूरच्या हवेतली निवड

पुरुषांसाठीच्या उष्ण, मसालेदार आणि काष्ठगंधी, म्हणजे लाकडाची आठवण देणाऱ्या सुगंधांत शमामा आणि ऊद ही दोन नावे ग्राहकासमोर वारंवार येतात. शमामा हे कनौजच्या परंपरेतील अत्तर असून जटामांसी, नागरमोथा, लवंग, वेलदोडा, जायफळ आणि गोड्या मसाल्यामुळे मराठी घरांना ठाऊक असलेले दगडफूल अशी अनेक द्रव्ये तांब्याच्या 'देग' नावाच्या भांड्यात पाण्याबरोबर उकळली जातात, व त्यांची वाफ बांबूच्या नळीतून 'भपका' या दुसऱ्या भांड्यात नेऊन तेथील चंदनतेलात मुरवली जाते. चंदन महागल्यापासून त्याच्या जागी पुष्कळदा गंधहीन खनिज तेल वापरले जाते, आणि त्यामुळे स्वस्त शमामात मसाला उरतो, पण लाकूड हरवते.

ऊद हा मात्र एकाच वृक्षाचा गंध होय. ईशान्य भारतातील अगरूच्या खोडाला इजा होऊन बुरशीचा संसर्ग झाला, म्हणजे लाकडात काळसर राळ साठते. तिच्यापासून निघणारे तेल दुर्मीळ असल्याने, आणि 1995 पासून या वृक्षाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असल्याने, दुकानातील बहुतेक 'ऊद' ही अन्य द्रव्यांतून साधलेली प्रतिकृती असते. या प्रतिकृतीत धुरकट, किंचित चामड्यासारखा गंध आणण्यासाठी अनेकदा नागरमोथ्याचेच तेल घातले जाते. लव्हाळ्याच्या कुळातील ही वनस्पती ओलसर जमिनीत वाढते; चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानशेतीत तिच्या भाऊबंदांना तण म्हणून उपटून टाकले जाते, आणि जगभरच्या महागड्या कुप्यांमध्ये त्याच कुळातील कंदाला मान मिळतो, हे या जिल्ह्यांतील वाचकाने अवश्य ध्यानात घ्यावे.

निवड करताना नावापेक्षा हवेचा विचार महत्त्वाचा ठरतो, कारण उष्णतेने गंधद्रव्ये वेगाने उडतात आणि थंडीत सौम्य वाटणारा सुगंध उन्हाळ्यात आसपासच्यांना असह्य होऊ शकतो. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जाणाऱ्या चंद्रपुरात दोन्ही सुगंध दिवसा जड पडतात, आणि तेव्हा थंडावा देणारा वाळाच इष्ट. हिवाळ्यात, विशेषतः मोकळ्या अंगणातील लग्नसमारंभात, शमामा अधिक शोभतो. त्यातील लवंगेसारखे हलके घटक आधी जाणवतात, आणि नागरमोथा व चंदन यांचे जड घटक कित्येक तास टिकतात. ऊद एकसुरी आणि ठाम असल्याने बंद खोलीतील कचेरीत तो फार थोडा लावावा.

कागदाच्या पट्टीवर वास घेऊन खरेदी करू नये. मनगटावर थेंबभर लावून चार-पाच तासांनी उरलेला गंधच खरा मानावा. ताडोब्याच्या जंगलात जाताना मात्र दोहोंपैकी कोणताही सुगंध लावू नये.