ज्याला कुणी दारात उभं करेना

हॅमिल्टन, ऑन्टारिओ : कॅनडातल्या शिक्षेचं एक गणित नवख्याला चटकन उमगत नाही. दोन-तृतीयांश शिक्षा भोगून झाली की कैद्याला साधारणपणे बाहेर सोडतात आणि उरलेला काळ तो पॅरोल अधिकाऱ्याच्या नजरेखाली काढतो. मात्र हा सुटताच पुन्हा गंभीर गुन्हा करील अशी धास्ती असेल, तर पॅरोल बोर्ड त्याला शेवटच्या दिवसापर्यंत आतच ठेवू शकतं. मग शिक्षा संपते आणि सगळ्यांत धोक्याचा माणूसच पॅरोलच्या देखरेखीविना रस्त्यावर येतो.

1994 मध्ये असाच एक जण या शहरात आला. लहान मुलांवरच्या अत्याचारांसाठी वारंवार शिक्षा झालेला, त्यात बौद्धिक अपंगत्व. वर्तमानपत्रांतून गहजब, पोलिसांची पाळत, शेजारी संतापलेले. आणि त्यांचा संताप रास्तच होता. तुरुंगातल्या मानसशास्त्रज्ञाने मेनोनाइट पाद्री हॅरी नाय यांना त्याच्यासाठी साकडं घातलं. नाय या कैद्याला पूर्वीपासून ओळखत होते. त्यांनी आपल्या छोट्याशा चर्चमधली काही माणसं गोळा केली. रोज कुणीतरी त्याच्याशी बोलायचं, घर आणि डॉक्टर बघून द्यायचे, आणि वागण्यात काही खटकलं तर तोंडावर जाब विचारायचा. नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत त्याने पुन्हा तसा गुन्हा केला नाही.

त्यातूनच ‘सर्कल्स ऑफ सपोर्ट अँड अकाउंटॅबिलिटी’ ही व्यवस्था उभी राहिली. एका माणसाभोवती चार-सहा प्रशिक्षित स्वयंसेवक आणि त्यांच्या पाठीशी मानसशास्त्रज्ञ, पोलीस, समाजसेवक. 2009 मध्ये रॉबिन विल्सन आणि सहकाऱ्यांनी सर्कलमधल्या 44 जणांची सर्कल न मिळालेल्या 44 जणांशी तुलना केली. पुन्हा लैंगिक गुन्हा करण्याचं प्रमाण 83 टक्क्यांनी कमी निघालं. एवढ्या लहान गटांतल्या टक्केवारीने हुरळून जाऊ नये, पण ती दुर्लक्षिण्यासारखीही नाही.

सर्कल म्हणजे उपचार नव्हेत. उपचारांची वाट याच प्रांतात वेगळ्या अंगाने निघाली. डोरोथी ग्रिफिथ्स, व्हर्नन क्विन्सी आणि डेव्ह हिंग्सबर्गर यांनी 1989 मध्ये विकासात्मक अपंगत्व असलेल्यांच्या लैंगिक वर्तनावर पुस्तक लिहिलं. पुढे त्यांनी मांडलं, की यातलं काही वर्तन विकृतीसारखं दिसतं, पण विकृतीतून येत नाही. ज्याला कधी स्वतःची खोली मिळाली नाही, शरीराबद्दल कुणी धड सांगितलं नाही, संमती म्हणजे काय हे शिकवलं नाही, तो चुकीच्या जागी, चुकीच्या माणसाशी लैंगिक वर्तन करतो. म्हणून आधी कारण शोधायचं. मग लैंगिक शिक्षण, मैत्री आणि नातं जोडण्याची कौशल्यं, स्वतःच्या कृतीची जबाबदारी. सगळं चित्रांतून, सोप्या वाक्यांत, पुन्हा पुन्हा.

हा विचार ऑन्टारिओत रुजला यात नवल नाही. ओरिलियातली ह्युरोनिया ही अपंगांची संस्था 1876 पासून 2009 पर्यंत चालली. तिथल्या रहिवाशांवर झालेल्या अत्याचारांबद्दल 2013 मध्ये साडेतीन कोटी डॉलरची तडजोड झाली आणि प्रांताच्या प्रीमियर कॅथलीन विन यांनी विधानसभेत माफी मागितली. अशा भिंतींआड वाढलेल्या माणसाला खासगीपणा कोण शिकवणार?

तरी हे स्पष्टीकरण सगळ्यांना लागू पडत नाही. ग्रिफिथ्स यांचाच सहभाग असलेल्या 2007 च्या अभ्यासात बळजबरी करणाऱ्यांचं लैंगिक ज्ञान काही कमी आढळलं नाही. तिथे अज्ञानाची सबब चालत नाही, उपचारही निराळे लागतात. माझ्या मते ही कबुलीच या परंपरेची खरी ताकद आहे. अपंगत्व म्हटलं की निरागस ठरवून मोकळं होणं तिने टाळलं.

राजकारण मात्र लहरी. 2014 च्या सुमारास संघीय सरकारने सर्कल्सचा बराचसा निधी आटवला. 2017 मध्ये नव्या सरकारने पाच वर्षांसाठी सुमारे 75 लाख डॉलर दिले. संघीय तुरुंगात एका कैद्यावर वर्षाला लाखाहून जास्त डॉलर खर्च होतात. म्हणजे देशभरच्या सर्कल्सना वर्षाकाठी मिळालेल्या रकमेत तुरुंगातले जेमतेम डझनभर कैदी पोसले गेले असते.