डिकीतला थंडावा आणि बॅटरीतली शिल्लक

दिवाळीचा फराळ डब्यांत भरून झाला, की अनेक घरांतून मोटार काढून लांबच्या मुक्कामाला जाण्याचे बेत रंगू लागतात. हॉटेलच्या खोलीपेक्षा तंबूत, उघड्या आकाशाखाली रात्र काढण्याची हौस आता मराठी कुटुंबांतही चांगली रुजली आहे. या हौसेबरोबर मोटारीच्या डिकीत एक नवा सोबतीही येऊन बसला आहे. तो म्हणजे मोटारीच्या बॅटरीवर चालणारा, उचलून नेता येणारा छोटा फ्रीज. दूध नासत नाही, दही आंबत नाही, पाणी गार मिळते. सोय तर खरीच. मात्र घरातल्या फ्रीजप्रमाणे तो एकदा चालू करून विसरून जाण्याजोगा नाही, हे बहुतेकांना पहिल्या सहलीच्या दुसऱ्या सकाळी, मोटार सुरू होईनाशी झाल्यावरच उमगते.

वडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक असलेले एखादे मराठी कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. सुट्टीत ते कच्छच्या रणातील धोलावीरा पाहण्यास निघाले आहे. हडप्पा संस्कृतीतील हे नगर 2021 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले, तेव्हापासून तिकडची वर्दळ वाढली आहे. तथापि खदीर बेटावरचा तो परिसर आजही विरळ वस्तीचाच. रापर, भचाऊ यांसारखी मोठी गावे बरीच मागे राहतात आणि दोन्ही बाजूंना पांढरे रण पसरलेले असते. मुक्काम दोन रात्रींचा. सोबत दूधपिते नातवंड आहे आणि रोज इन्शुलिन घेणाऱ्या आजीही आहेत. दिवाळीच्या सुमारासही तेथे दुपारी पारा पस्तिशीच्या आसपास जातो. अशा वेळी डिकीतला फ्रीज ही चैन राहत नाही. आजींचे औषध त्याच्या भरवशावर असते.

इन्शुलिनच्या न उघडलेल्या कुप्या वा पेने 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागतात. वापरात असलेले पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालते. नेमकी मर्यादा वेष्टनावर छापलेली असते व ती वाचूनच निघावे. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीला मात्र खोली म्हणता येणार नाही. आत तापमान साठीच्या घरात पोहोचू शकते. दुसरा धोका याच्या नेमका उलट आहे व तो अनेकांच्या लक्षात येत नाही. इन्शुलिन एकदा गोठले, की वितळल्यावर दिसायला पूर्ववत वाटले तरी ते वापरता येत नाही, टाकूनच द्यावे लागते. म्हणजे फ्रीज कमी पडला तरी नुकसान आणि जास्त थंड झाला तरी नुकसान.

म्हणून खरेदीच्या वेळीच एक भेद नीट समजून घ्यावा. बाजारात ‘मोटारीचा फ्रीज’ या एकाच नावाखाली दोन वेगळी उपकरणे मिळतात. पहिल्यात काँप्रेसर नसतो. दोन भिन्न धातूंच्या सांध्यातून विद्युत्प्रवाह गेला, की एक बाजू थंड व दुसरी गरम होते, असे फ्रेंच शास्त्रज्ञ पेल्टिए याला 1834 मध्ये आढळले. त्याच तत्त्वावर ही पेटी चालते. ती हलकी आणि स्वस्त असते. प्रवाह उलटा फिरवला तर हीच पेटी पदार्थ ऊनही ठेवते. परंतु बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे 15 ते 20 अंशच कमी, एवढीच तिची मजल. बाहेर 38 अंश असतील तर आत 20 अंशांच्या आसपास. लिंबाच्या सरबताला ते पुरे. औषधाला वा कच्च्या दुधाला पुरे नाही. दुसरा प्रकार घरच्या फ्रीजसारखाच, काँप्रेसरवर चालणारा. तो महाग व वजनदार असतो, पण बाहेर कितीही ऊन असले तरी 4 अंशांवर टिकतो. काही तर शून्याखाली 18 अंशांपर्यंत जातात. खरा फ्रीज म्हणावा तो हाच.

त्याचा आहार मात्र वीज आहे, आणि बँकेच्या खातेदारांना तिचा हिशेब समजावून सांगावा लागू नये. लहान आकाराचा काँप्रेसर चालू असताना साधारण 45 ते 50 वॅट, म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे 4 अँपिअर प्रवाह घेतो. तो सतत चालत नाही, थांबत थांबत चालतो. निम्मा वेळ चालला असे धरले तर ताशी 2 अँपिअर-तास खर्च होतात आणि संध्याकाळी सहा ते सकाळी सहा या बारा तासांत 24. मध्यम आकाराच्या पेट्रोल मोटारीची बॅटरी कागदोपत्री 40 ते 45 अँपिअर-तासांची असते. तरी ती संपूर्ण रक्कम काढता येत नाही. मोटारीची बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी क्षणभर मोठा प्रवाह देण्याकरिता घडवलेली असते, तासन्‌तास थोडा थोडा देण्याकरिता नव्हे. निम्म्याहून अधिक रिकामी होऊ लागली, की तिचे आयुष्य घटते आणि सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसता ‘टक’ असा आवाज येतो. पहिल्याच रात्री खाते किमान शिल्लकेखाली जाते, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

काँप्रेसरच्या बहुतेक फ्रीजमध्ये या किमान शिल्लकेची राखण करणारी सोय असते. बॅटरीचा दाब ठरावीक पातळीखाली गेला, की फ्रीज आपोआप बंद होतो. ही पातळी तीन टप्प्यांत निवडता येते. फ्रीज मोटारीच्या मूळ बॅटरीला जोडलेला असेल तर वरचाच टप्पा ठेवावा. फ्रीज लवकर बंद पडतो म्हणून खालचा टप्पा निवडणारे अनेक असतात. त्यांना फ्रीज चालू आणि मोटार बंद असे दृश्य पाहावे लागते. मात्र वरच्या टप्प्यावरही जुन्या बॅटरीचा भरवसा धरू नये. ती तीन-चार वर्षांची झाली असेल, तर निघण्यापूर्वी तपासून घेणे शहाणपणाचे.

दोन रात्रींच्या मुक्कामाला खरा उपाय म्हणजे वेगळे खाते उघडणे. सुमारे 500 वॅट-तासांची सुटी लिथियम बॅटरी वरील हिशेबाने एक रात्र आणि वर सकाळचे काही तास फ्रीज सांभाळते. प्रवासात मोटार चालू असताना ती भरून घ्यावी. 100 वॅटचे घडीचे सौर पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसभरात साधारण 25 ते 30 अँपिअर-तास परत मिळवून देते आणि रणात उन्हाला तोटा नसतो. पॅनेल उन्हात असावे व फ्रीज सावलीत. दोन्ही एकाच ठिकाणी मांडण्याची चूक सर्रास होते. बॅटरी भरण्यासाठी रात्री इंजिन चालू ठेवून मोटारीतच झोपण्याचा विचार तर मनातही आणू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि त्याने झोपेतच प्राण गेल्याच्या घटना घडल्या आहेत.

विजेचा खर्च कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग घरातच आहे. निघण्याच्या आदल्या रात्री फ्रीज घरच्या विजेवर लावून पूर्ण थंड करावा आणि आत जाणारी प्रत्येक वस्तूही घरच्या फ्रीजमधून गार करूनच भरावी. कोमट दुधाचे पातेले आत गेले, तर ते गार करण्याचे काम वाटेत बॅटरीला करावे लागते. रिकामी जागा पाण्याच्या गार बाटल्यांनी भरून टाकावी. भरलेला फ्रीज थंडावा धरून ठेवतो.

काय न्यावे यापेक्षा काय नेऊ नये, याचाही विचार हवा. मोटारीच्या पुढे कॅनव्हासची छागळ टांगून आणि फिरकीचा तांब्या घेऊन फिरणाऱ्या पिढीने प्रवासाचे अन्न मोठ्या विचाराने निवडले होते. दशम्या, धपाटे, गुळांबा, कोरड्या चटण्या हे सारे थंडाव्यावाचून टिकणारे पदार्थ. चकली, चिवडा, शंकरपाळे यांना तर फ्रीजची ओल बाधतेच. तेव्हा फ्रीजमधली जागा दूध, दही, पनीर, भिजवलेली कडधान्ये आणि औषध यांच्यासाठी राखावी. पिण्याच्या पाण्यासाठी निराळी बर्फाची पेटी नेली, तर दर दहा मिनिटांनी मुले फ्रीजचे झाकण उघडत नाहीत. या एका गोष्टीने जेवढी वीज वाचते तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने वाचेल.

डिकीत फ्रीज सपाट व पट्ट्याने घट्ट बांधलेला असावा. त्याच्या जाळीसमोर निदान चार बोटे मोकळी जागा हवी. तिथूनच आतली उष्णता बाहेर टाकली जाते. जाळीला गादी वा सतरंजी टेकली, की काँप्रेसर थांबायचे नाव घेत नाही. आडवा करून न्यावा लागला असेल तर उभा केल्यावर काही तास थांबूनच चालू करावा. इन्शुलिन थंड भिंतीला वा तळाला टेकवून न ठेवता झाकणाच्या डब्यात, मधल्या भागात ठेवावे आणि शेजारी एक साधा तापमापक असावा. बाहेरच्या पडद्यावरचा आकडा एका ठिकाणचे तापमान सांगतो, डब्यातले नव्हे. काही इन्शुलिन व सुया आजींच्या पिशवीत, ओल्या कापडात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्याशेजारी वेगळ्या असाव्यात. कच्छच्या कोरड्या हवेत मडके चांगले काम देते. कोकणच्या दमट हवेत त्याचा तितका उपयोग होत नाही.

घरी परतल्यावर सारे दमलेले असतात आणि फ्रीज तसाच डिकीत राहतो. त्याची खराबी सुरू होते ती येथेच. वायर काढून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून आतला भाग पुसावा. साबणाचा वास रेंगाळतो, सोड्याचा नाही. झाकणाभोवतीच्या रबरी पट्टीच्या घड्यांत दूध व वाळू साचते, ती मऊ ब्रशने काढावी. पट्टी सैल झाली आहे का, हे पाहण्यासाठी कागदाची चिठ्ठी झाकणात धरून ओढावी. सहज निघाली तर थंडावाही तिथूनच निसटतो. रणातली बारीक, खारट धूळ जाळीवर बसते व धातूला खाते, म्हणून जाळी कोरड्या ब्रशने झाडावी. पाण्याचा फवारा मुळीच मारू नये. सॉकेटमध्ये जाणारा प्लग वापरानंतर फार गरम लागत असेल, तर संपर्क सैल आहे असे समजून तो वेळीच बदलून घ्यावा. पावसाळ्यात फ्रीज माळ्यावर ठेवताना पूर्ण कोरडा करून झाकणात दुमडलेल्या रुमालाची फट ठेवावी, नाहीतर दसऱ्याला उघडताना आत काळी बुरशी स्वागताला असते. पुढच्या सहलीआधी दोन दिवस तो घरी चालू करून पाहावा. बिघाड असलाच, तर दुरुस्तीला निदान एक दिवस हाताशी राहतो.