ढालकिडे : रंगावर जाऊ नका

डहाणू तालुक्यातल्या नरपड, चिखले, घोलवडच्या चिकूवाड्यांना मोगली एरंडाचे कुंपण असेल, तर त्याच्या फळांवर हिरवे-निळे चमकते किडे घोळक्याने बसलेले आढळतात. हे ढालकिडे. त्यांच्याविषयीचे बरेचसे गैरसमज रंगावरूनच होतात.

गैरसमज : पाठ टणक आणि चकचकीत, म्हणजे हा भुंगेराच.
वस्तुस्थिती : भुंगेऱ्याचे दोन कठीण पंख पाठीवर मधोमध भिडतात, त्यामुळे तिथे सरळ रेघ दिसते. चमकत्या ढालकिड्याला अशी रेघ नसते. छातीपासून निघालेली एकसंध ढाल पोट झाकते आणि पंख तिच्याखाली राहतात. किडा उलटा केला की शंका फिटते. भुंगेऱ्याला चावायला जबडे असतात, ढालकिड्याला पोटाशी दुमडलेली सोंड.

गैरसमज : रंग वेगळा, म्हणजे जात वेगळी.
वस्तुस्थिती : ढालकिड्यांना कोषावस्था नसते. पिल्लू कात टाकत टाकत पाच अवस्थांतून मोठे होते आणि त्यात रूप पालटत जाते. शेंगांवरचा हिरवा ढेकूण (नेझारा विरिडुला) हाही ढालकिडाच; तो लहानपणी काळा आणि पांढऱ्या ठिपक्यांचा असतो. नुकती कात टाकलेला किडा फिकट किंवा लालसर दिसतो. काही तासांत कवच कडक होऊन रंग चढतो. पाठीवर माणसाचा चेहरा असल्यासारखा वाटणारा कॅटाकॅन्थस इन्कार्नेटस तर एकाच जातीत लाल, नारिंगी आणि पिवळाही असतो.

गैरसमज : हा किडा सरड्यासारखा मनाला येईल तेव्हा रंग बदलतो.
वस्तुस्थिती : अनेक चमकत्या जातींचा रंग कवचातल्या पातळ थरांवरून परतणाऱ्या प्रकाशातून तयार होतो. बघण्याचा कोन बदलला की छटा बदलते. थरांतला ओलावा गेला की मेलेल्या किड्याचा रंग उतरतो. ओलावल्यावर तो पुन्हा उमटतो. म्हणून ओळख पटवायला जिवंत किड्याचे फोटो वरून आणि बाजूने काढावेत. थंड देशांत हिरवा ढेकूण हिवाळ्यात तपकिरी होतो, पण हा बदल ऋतूप्रमाणे हळूहळू होतो.

गैरसमज : वास मारतो, म्हणजे विषारी, ढेकणाचा भाऊबंद, म्हणजे रक्तपिपासू.
वस्तुस्थिती : हा वास शत्रूला पळवण्यासाठी असतो. त्यातली अल्डिहाइड गटातली रसायने कोथिंबिरीच्या वासातही असतात. हात धुवावेत, डोळ्यांना लावू नयेत, एवढे पुरते. बहुतेक ढालकिडे झाडांचा रस पितात.

गैरसमज : दिसला की फवारावा.
वस्तुस्थिती : हिरवा ढेकूण तूर-चवळीच्या शेंगांतले कोवळे दाणे शोषतो, हे खरे. पण इओकॅन्थेकोना फर्सेलाटा हा ढालकिडा पिकांवरच्या अळ्या मारून खातो. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या डहाणू-घोलवड चिकूचे ओळखीचे शत्रू म्हणजे कळी आणि बी पोखरणाऱ्या अळ्या. कुंपणावर फवारून त्यांचा बंदोबस्त होत नाही. पंप उचलण्याआधी सोंड पाहावी : बारीक असेल तर रस शोषणारा, जाडजूड असेल तर शिकारी. शिकाऱ्याला वाडीत राहू द्यावे.