पहिलं पाणी

वसईतल्या एका चर्चच्या मागच्या पडवीत स्टीलचं एक पातेलं पालथं घातलेलं असतं. त्यात दुसरं काही भिजत नाही, शिजत तर नाहीच. सोमवारी सकाळी चर्चची कापडं धुणाऱ्या मावशी ते सरळ करतात, पाणी भरतात आणि रविवारच्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, वेदीवर वापरलेले पांढरे लिननचे कपडे त्यात सोडतात. काही रुमालाएवढे, काही त्याहून मोठे, प्रत्येकावर लाल दोऱ्याचा बारीक क्रूस. साबण नंतर. आधी नुसतं पाणी, आणि हे पहिलं पाणी मोरीत जात नाही. मावशी पातेलं दोन्ही हातांनी उचलून कुंपणालगतच्या सोनचाफ्याच्या बुंध्याशी रिकामं करतात. तिथे कोणाचा पाय पडत नाही.

हे पाणी पाहिलं आणि मी एका प्रश्नाच्या मागे लागले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या उपासनेत फरक काय, असं विचारलं की लोक पोप, मारियामाता, पुतळे, बायबल असं भराभर सांगतात. त्यात खोटं काही नाही. पण उपासना संपल्यावर जे उरतं त्याचं काय करतात, हे सहसा कोणी विचारत नाही. मला मात्र त्या पातेल्यापासून तोच एक प्रश्न सुचत होता.

मिस्सेचा क्रम ठरलेला: शास्त्रवाचनं, प्रवचन, मग भाकर आणि द्राक्षारसाचं अर्पण, शेवटी ख्रिस्तशरीराचं वाटप. ओस्ती, म्हणजे ती पातळ गोल चकती, फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी यांची. खमीर नाही, मीठ नाही. धर्मगुरूंनी तिच्यावर ख्रिस्ताचे शब्द उच्चारले की ती भाकर राहत नाही, ख्रिस्ताचं शरीर होते. दिसायला-चवीला भाकर, आतून ख्रिस्त. ट्रेंटच्या धर्मसभेने 1551 साली हे पक्क्या शब्दांत मांडलं. एकदा हे धरलं की पुढचं सगळं ओघाने येतं. उरलेल्या ओस्ती कुलपाच्या पवित्र पेटीत ठेवायच्या, आजाऱ्यांना न्यायच्या, पेटीजवळ अखंड दिवा ठेवायचा, तिच्यासमोर गुडघा टेकायचा. आणि कण सांभाळायचे.

कण हा मावशींचा विषय. मोठ्या कापडाला कॉर्पोरल म्हणतात, चषक आणि थाळी त्याच्यावर ठेवतात. त्याची घडी मावशींनी मला संथपणे करून दाखवली. तळचा तिसरा भाग आत, वरचा त्याच्यावर, मग दोन्ही बाजू आत. उलगडलं की नऊ चौकोन. घडी नेहमी आतल्या अंगाला, म्हणजे एखादा कण राहिला असेल तर तो आतच राहील. कापड झटकायचं नाही. याला तांदळाची खळ आणि किंचित ओलं असतानाच इस्त्री. चषक पुसायच्या कापडाला मात्र खळ चालत नाही, कारण त्याने ओल टिपली पाहिजे. गरम इस्त्रीखाली खळीचा तो भाताच्या पेजेसारखा वास उठतो, तो दिवसभर माझ्या ओढणीला होता. चर्च म्हटलं की धूप आणि मेणबत्त्या आठवायला हव्यात. मला आता खळ आठवते.

मी सहज म्हटलं, आमच्याकडे निर्माल्य असंच, पायदळी येऊ नये म्हणून झाडाच्या बुंध्याशी टाकतात. मावशींनी इस्त्री थांबवली. "निर्माल्य म्हणजे देवाला वाहिलेलं ना? हे वाहिलेलं नाही हो. हा देवच."

कपाटात झाकणाची एक काचेची वाटी होती, तळाशी थोडं पाणी. वाटपाच्या वेळी हातातून ओस्ती पडली आणि ती खाण्याजोगी राहिली नाही, तर या पाण्यात ठेवतात. विरघळून गेली की ते पाणीही मातीत. चर्चची शिकवण अशी की भाकरीचं रूप टिकतं तोवरच ख्रिस्ताचं सान्निध्य असतं. रूप विरलं की उरतं ते पाणी. फादरांनी मला हे समजावून सांगितलं तेव्हा मावशी शेजारीच होत्या. फादर गेल्यावर म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे. पण कधी विरघळली ते कोणी बघितलंय? मी आपली झाडालाच घालते."

मावशींच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची आणि फादरांची पाठ लोकांकडे असायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला, मातृभाषेला वाट मिळाली आणि वसईत मिस्सा मराठीतून सुरू झाली. या बदलाबद्दल सगळे बोलतात. मावशींच्या पातेल्याशी ज्याचा थेट संबंध आहे त्या बदलाबद्दल कोणी बोलत नाही. 1917च्या चर्च-कायद्यानुसार ही वापरलेली कापडं पहिल्यांदा दीक्षित पुरुषानेच धुवायची असत, त्याशिवाय ती बायकांच्या हाती द्यायची नाहीत, अगदी सिस्टरांच्याही नाही. 1983च्या नव्या कायद्यातून ते कलम गेलं. म्हणजे बायकांच्या हातांवरची ही बंदी कायद्यातून जाऊन अजून अर्धशतकही झालेलं नाही. वेदीवर उभं राहून मिस्सा करणं आजही त्यांना नाही. मला हे खटकतं. मावशींना खटकतं का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी माझ्या हातात ओली कापडं पिळायला दिली.

प्रोटेस्टंट उपासनेनंतर जे उरतं त्याचं काय करतात ते बघायला तिथून नगरला गेले. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं तरी लोकांच्या तोंडी अजून नगरच आहे. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली इथे काम सुरू केलं. त्या परंपरेतल्या मंडळ्या पुढे 1970 साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. त्यातल्या एका चर्चच्या दारातच "सलाम" म्हणून हात पुढे आला तो गुरुजींचा. निवृत्त शिक्षक, मंडळीच्या पंचांपैकी एक.

प्रभुभोजनाचा रविवार होता. तयारी शनिवारी संध्याकाळीच झाली होती: काळ्या मनुका उकळून गाळलेला रस आणि बेकरीचा पाव, कडा काढून त्याचे बोराएवढे चौकोनी तुकडे. पाव खमिराचा, त्याचं कोणाला काही वाटत नाही. रस अंगठ्याएवढ्या पेल्यांत, पेले भोकं पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये. एकाच पेल्याला सगळ्यांनी ओठ लावायचे नाहीत, हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जंतूंच्या धास्तीने रुजलेला रिवाज. मिशनऱ्यांचं बरंच काही गेलं, हे टिकलं.

पण त्या सकाळी मला सगळ्यांत वजनदार वाटली ती गाणी. पेटी-तबला, 'उपासना संगीत'ची विटलेली पुस्तकं, त्यात रेव्हरंड टिळकांची पदं, आणि पुस्तक न उघडता गाणाऱ्या म्हाताऱ्या. त्यानंतर पाळकांचा संदेश, चांगला लांब. गुडघा कोणी टेकला नाही, कारण टेकण्यासारखं पुढे काही ठेवलेलंच नव्हतं. पुतळा नाही, पेटी नाही, दिवा नाही. मधोमध व्यासपीठ आणि त्यावर मोठं पवित्र शास्त्र. उपासनेआधी गुरुजी ते स्वतः पुसतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.

उपासना संपली आणि मी थेट मागच्या नळावर. चार बायका पेले विसळत होत्या, भांड्यांच्या पावडरने, गप्पा मारत. ट्रेमधला उरलेला रस बिनदिक्कत सिमेंटच्या मोरीत. उरलेल्या पावासाठी पोरांची रांग; प्रत्येकाला मूठभर. वसईहून आलेल्या मला ते बघवेना, हे कबूल करते. गुरुजींनी ते ओळखलं.

"1529 साली मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंगली हे दोन प्रोटेस्टंट सुधारक समोरासमोर बसले," ते शाळेच्या आवाजात म्हणाले. "पंधरा मुद्दे. चौदा जमले. अडलं कुठे? भाकरीत." ल्यूथरने म्हणे टेबलावर खडूने लिहून ठेवलं होतं, 'हे माझं शरीर आहे', आणि तो त्या 'आहे'वरून हलायला तयार नव्हता. झ्विंगलीचं म्हणणं, ही खूण आहे, आठवण आहे. "आमचे मिशनरी कॅल्विनच्या घराण्यातले. ख्रिस्त भोजनाला हजर असतो, पण आत्म्याने. विश्वासाने घेणाऱ्याला तो भेटतो. पेल्याच्या तळाशी राहत नाही."

पंधरापैकी चौदा. परतताना एसटीत हे माझ्या डोक्यातून जाईना. आणि तो पंधरावा प्रोटेस्टंटांच्या आपसातलाही आहे, हे विसरून चालत नाही. अँग्लिकनांच्या 1662च्या प्रार्थनापुस्तकात सूचना आहे की अभिमंत्रित भाकर आणि रस उरला तर चर्चबाहेर न्यायचा नाही, तिथेच आदराने खाऊन-पिऊन संपवायचा. तेच अँग्लिकन ओस्ती पेटीत जपून तिची आराधना करायला मात्र त्यांच्या एकोणचाळीस कलमांत आधार देत नाहीत. म्हणजे मोरीतही नाही आणि पेटीतही नाही, पोटात. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात हे अँग्लिकनही आले आणि गुरुजींची मंडळीही. या चर्चमध्ये बायकांना पाळकपदाची दीक्षा मिळते. पेले विसळायला मात्र चारही बायकाच.

गुरुजींना मी चाफ्याचं सांगितलं होतं. ते हसले नाहीत. मोरीच्या तोंडाकडे बोट दाखवून म्हणाले, "ते बघा." मोरीतून एक कच्चा पाट काढलेला होता, आवारातल्या लिंबाच्या आळ्यापर्यंत. "पाण्याची बोंब असते इथे. एक थेंब गटारात सोडत नाही आम्ही."

पुढच्या सोमवारी हे मी मावशींना मोठ्या उत्साहाने सांगितलं: त्यांचाही रस शेवटी झाडालाच जातो. मावशींनी कॉर्पोरलची तिसरी घडी घातली, बोटाने दाबली, आणि विचारलं, "मुद्दाम घातला का?"

"नाही. पाणी वाचवायला."

"मग ते वेगळं," म्हणाल्या, आणि पुढचं कापड मागितलं.