वेग आवाजाच्या आत, नेम दहाच्या घरात

काडतुसात दारू वाढवली की गोळीचा वेग वाढतो. नेम मात्र त्या प्रमाणात सुधारत नाही. दारूचा दाब नळीतून गोळीला ढकलतो तेव्हा नळीही थरथरते, आणि थरथरीच्या कोणत्या क्षणी गोळी बाहेर पडते यावर तिची दिशा थोडीफार ठरते. म्हणून एखाद्या रायफलीत सगळ्यांत वेगवान काडतुसाच्या गोळ्या विखुरतात आणि त्याहून जरा सौम्य काडतुसाच्या एकाच जागी पडतात.

हाताने काडतुसे भरण्याचा छंद अमेरिकेत आणि युरोपात मोठा आहे. वापरलेल्या पितळी पुंगळीत नवी टोपी, मोजून घेतलेली दारू आणि निवडलेली गोळी बसवायची, निर्मात्याच्या छापील तक्त्यातल्या मर्यादेत दारूचे प्रमाण किंचित बदलत जायचे आणि प्रत्येक प्रमाणाच्या गोळ्या कागदावर किती जवळ पडतात ते पाहायचे, ही त्याची रीत. मोठ्या रायफलीत 300 मीटर किंवा त्याहून दूर नेम धरायचा तर वेगाला महत्त्व आहेच, कारण हवेत कमी वेळ राहिलेली गोळी कमी खाली येते, आणि आवाजाहून बरीच वेगवान गोळी वाऱ्यानेही कमी ढळते. पण शेवटच्या काही मीटर प्रतिसेकंद वेगासाठी दाब कमाल मर्यादेला नेला की पुंगळ्या लवकर निकामी होतात, नळीचा दारूकडचा भाग झिजतो आणि धोकाही वाढतो. अनुभवी माणसे मर्यादेच्या थोडे अलीकडेच थांबतात.

भारतात दारूगोळा बनवायला शस्त्र कायदा, 1959 नुसार परवाना लागतो. घरच्या टेबलावर करायचा हा छंद इथे रुजलेला नाही. तरीही वेग आणि अचूकता यांचा हाच पेच महाराष्ट्राच्या नेमबाजांना रोज सोडवावा लागतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेती झाली. या दोन्ही प्रकारांत पॉइंट टू टू, म्हणजे सुमारे 5.6 मिलिमीटर व्यासाचे काडतूस वापरतात. त्याचा दारू पेटवणारा स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, वेगळी टोपी नसते. त्यामुळे ते पुन्हा भरता येत नाही. तोल साधायचा तो कारखान्यात.

कारखान्याने तो साधला आहे वेग मुद्दाम कमी ठेवून. स्पर्धेच्या काडतुसाची 2.6 ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला साधारण 320 ते 330 मीटर वेगाने निघते. दारू जास्त भरलेल्या काडतुसाची गोळी 380 मीटरच्या आसपास सुटते, पण हवेच्या विरोधाने मंदावत पन्नास मीटरच्या वाटेवरच आवाजाच्या वेगाखाली उतरते. त्या टप्प्यात तिच्यावरचा दाब बदलतो आणि ती डळमळू शकते. शिवाय आवाजाच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम वाढत असल्याने ही वेगवान गोळी वाऱ्याने मंद गोळीपेक्षा जास्त ढळते. ऐकायला उलटे वाटते, पण वारा गोळीला किती ढकलणार हे तिला लागलेल्या एकूण वेळेवर नसून हवेच्या विरोधामुळे झालेल्या उशिरावर अवलंबून असते.

आवाजाचा वेगही कायम नसतो. तापमानात एका अंशाचा फरक पडला की तो सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने बदलतो. राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातल्या पासलीला हिवाळ्याच्या पहाटे पारा 10 अंशांवर असेल तर तो सुमारे 337 मीटर. पुण्यात बालेवाडीला मेच्या दुपारी 38 अंशांत सुमारे 354. म्हणजे थंडीत मर्यादा जवळ येते. दारूही थंडीत जरा मंद जळते, एवढाच काय तो दिलासा.

वेग किती यापेक्षा तो दर गोळीला सारखा आहे का, हा प्रश्न मात्र जास्त नडतो. पन्नास मीटरवर पोचेपर्यंत गोळी नळीच्या रेषेपासून सुमारे 12 सेंटिमीटर खाली येते. एखादी गोळी सेकंदाला 10 मीटर मंद निघाली तर ती हिशेबाने सात-आठ मिलिमीटर आणखी खाली लागते. लक्ष्याच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर आणि लगतच्या दोन कड्यांमधले अंतर 8 मिलिमीटर. म्हणजे हाताचा काहीही दोष नसताना जवळजवळ पूर्ण एक गुण जातो. नळीची थरथर जुळून आली तर यातला थोडा फरक भरून निघतो, पण ते दर रायफलीचे वेगळे गणित आहे.

म्हणून नेमबाज काडतुसांचे 'लॉट' तपासून घेतात. एका लॉटमधली काडतुसे एकाच मसाल्याची आणि एकाच यंत्रणेवर बनलेली असतात. बर्मिंगहॅमच्या ईलीसारख्या कंपन्या लॉटचा क्रमांक आणि वेग डब्यावरच छापतात. रायफल किंवा तिची नळी पकडीत घट्ट बसवून निरनिराळ्या लॉटच्या गोळ्या झाडतात आणि ठशांचा घेर मोजतात. डब्यावरचा वेग सारखा असलेल्या दोन लॉटपैकी एक त्या नळीला मानवतो, दुसरा नाही. शेजारच्या रायफलीत नेमके उलटे होते. असे का, हे आधी सांगता येत नाही, झाडूनच पाहावे लागते. मनाजोगता लॉट सापडला की पुढच्या हंगामाची काडतुसे त्याच क्रमांकाची, एकगठ्ठा घेतली जातात.